एक्समोडेम अडलं की आधी ब्लॉकचा नंबर बघा

जुनी मोडेमं जोडून, एक्समोडेम या ब्लॉक-ब्लॉकने (तुकड्यांनी) पाठवणाऱ्या पद्धतीने फाइल पाठवताना ती मध्येच अडली, तर टेलिफोन लाइनला दोष देण्याआधी मी स्क्रीनवरचा ब्लॉक नंबर बघतो. कारण बहुतेकदा तिथेच सापडतं.

वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनी १९७७ मध्ये लिहिलेल्या एक्समोडेमचा ब्लॉक १३२ बाइटचा. आरंभाची खूण, ब्लॉक नंबर, २५५ मधून तो वजा केल्यावर उरणारा आकडा, १२८ बाइट डेटा आणि एका बाइटचं चेकसम (चूक ओळखण्यासाठी डेटाची बेरीज). घेणाऱ्याकडून ‘ॲक’ (नीट मिळाल्याची खूण) आल्याशिवाय पुढचा ब्लॉक निघत नाही. ‘नॅक’ (नीट न मिळाल्याची खूण) आला की तोच पुन्हा. साधारण दहा वेळा फसलं की प्रोग्रॅम नाद सोडतो.

पहिलाच ब्लॉक जात नसेल तर संगणकाचा सीरियल पोर्ट सात बिटांवर राहिलेला असण्याची शक्यता दाट. पहिल्या ब्लॉकची जोडी १ आणि २५४. सात बिटांत २५४ मावत नाही. दोन्हीकडे आठ डेटा बिट, पॅरिटी बंद, एक स्टॉप बिट ठेवा.

साधी टेक्स्ट फाइल सोळा ब्लॉक नीट जाऊन नेमकी सतराव्याला अडली, तर एक्सऑन-एक्सऑफ (डेटाच्याच ओघात ‘चालू दे’ आणि ‘थांब’ च्या खुणा पाठवण्याची सोय) चालू राहिलंय. १७ हाच एक्सऑनचा बाइट! मोडेम तो आपल्यासाठीची खूण समजून गिळतं. घेणाऱ्याकडे १३१ बाइट पोचतात, उरलेल्या एकाची वाट बघून तो नॅक पाठवतो, आणि नंबर तोच असल्याने पुन्हा तेच घडतं. (चेकसमच १७ किंवा एक्सऑफचा १९ आलं तर त्याआधीही अडेल.) ते बंद करून आरटीएस-सीटीएस (तेच काम वेगळ्या तारांवरून) लावा. तीन तारांच्या केबलवर मात्र ते चालत नाही.

अडण्याची जागा दर वेळी बदलत असेल, तरच लाइनचा खरखराट. तिथे चेकसमवर विसंबू नका. ती नुसती बेरीज, दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी तेवढीच येते. घेणाऱ्याने सुरुवातीला नॅकऐवजी ‘सी’ पाठवला की चेकसमऐवजी सोळा बिटांचं सीआरसी (जास्त कडक तपासणी) लागू होतं, आणि ब्लॉक एकाच बाइटने वाढतो.

झेडमोडेम (नंतरची अशीच पद्धत) ॲकसाठी थांबत नाही आणि तुटलेली फाइल तिथूनच पुढे नेतं. पण सलग ओघामुळे संगणकाची बाजू उघडी पडते. सेकंदाला १९,२०० बिटांच्या वेगाला अर्ध्या मिलिसेकंदाला एक बाइट येतो. सीरियल पोर्टच्या १६४५० चिपमधला बाइट तेवढ्यात उचलला नाही तर गेलाच. तिथे १६ बाइटांचा बफर असलेली १६५५०ए बसवावी.