सर्पिलाला विजेचा धक्का: दोन शिखरं वेगळी झाली

टर्बियम मँगनाइट या स्फटिकातल्या स्पिन लहरींचं (स्पिन म्हणजे अणूंचे चिमुकले चुंबक, त्यांच्या डोलण्याच्या या लहरी) माझं संगणकावरचं सिम्युलेशन अखेर मार्गी लागलंय. हे स्फटिक मुद्दाम निवडलं, कारण २७-२८ केल्व्हिनच्या खाली त्यातले मँगनीजचे स्पिन सर्पिलात फिरू लागतात आणि त्या फिरण्यातूनच विद्युत ध्रुवीकरण (धन-ऋण भार किंचित वेगळे सरकणं) जन्माला येतं. २००३ साली किमुरा आणि सहकाऱ्यांनी त्यातलं ध्रुवीकरण दाखवलं. २००६ मध्ये पिमेनोव्ह यांच्या गटाला त्यात इलेक्ट्रोमॅग्नॉन सापडले, म्हणजे विद्युत क्षेत्रानं हलवता येणाऱ्या स्पिन लहरी.

माझं मॉडेल एका साखळीचं आहे. स्पिनमधल्या ओढीला विनिमय म्हणतात: शेजारच्या स्पिनशी फेरोमॅग्नेटिक (समांतर ठेवू पाहणारा) जे-१, एक सोडून पुढच्याशी अँटिफेरोमॅग्नेटिक (उलट दिशेला वळवणारा) जे-२. जे-२ हा जे-१ च्या ०.३९२ पट ठेवला की दर पायरीला स्पिन ५०.४ अंश वळतो. खऱ्या स्फटिकात (त्याच्या a, b, c या तीन अक्षांपैकी) b अक्षावर मोजलेल्या ०.२८ या तरंगसंख्येशी हे जुळतं.

पहिले दोन आठवडे वारंवारतेच्या आलेखातल्या भलत्याच शिखरांमागे गेले. फूरिये रूपांतर (हालचालीतल्या वारंवारता सुट्या करणं) सोपं जावं म्हणून २५६ स्पिन घेतले होते आणि टोकं जोडून कडं केलं होतं. शेवटी प्रत्येक जोडीतला कोन छापून पाहिला: सगळीकडे ५०.४, सांध्यापाशी १०८! सर्पिलाचे ३५.८४ वेढे होत होते. ५० स्पिनमध्ये बरोबर ७ वेढे बसतात, म्हणून ४०० स्पिन घेतले आणि खोटी शिखरं गेली. सर्पिल रचना करणाऱ्या प्रत्येकानं हा कोन आधी छापावा, एवढं कळकळीनं सांगतो.

मग विद्युत क्षेत्राचा छोटा धक्का दिला. कात्सुरा-नागाओसा-बालात्स्की सूत्राचं (शेजारच्या स्पिनमधल्या वळणातून येणारं) ध्रुवीकरण घेतलं तेव्हा जे-१ च्या ०.२५ पट वारंवारतेला शिखर आलं. ही सर्पिलाचं प्रतल डोलण्याची लहर.

दुसरा मार्ग विनिमय-आकुंचनाचा, म्हणजे विद्युत क्षेत्रानं शेजारच्या जोड्यांमधला (बंधांमधला) विनिमयच कमीजास्त करण्याचा. त्यात सगळ्या बंधांना एकाच चिन्हानं ढकललं तर आलेख सपाट राहिला. नंतर उलगडलं: एका बंधाकडून स्पिनला मिळालेला हिसका पुढचा बंध तंतोतंत पुसून टाकतो. स्फटिकात ऑक्सिजनमुळे बंध नागमोडी असतात, म्हणून चिन्ह आलटून पालटून हवं. तसं करताच जे-१ च्या ३.३ पटीपाशी भक्कम शिखर उभं राहिलं! कागदावर रेषीय स्पिन-लहर सिद्धांतानं ३.३१ काढलं होतं. ही झोनच्या कडेची लहर, शेजारी-शेजारी स्पिन प्रतलातच उलटसुलट डुलतात अशी.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते. दोन्ही शिखरं येतात ती a अक्षावरच्या क्षेत्राला. मग मी कठीण अक्ष (स्पिन जिकडे वळायचं टाळतात ती दिशा) a वरून c वर नेला, म्हणजे सर्पिल bc प्रतलातून ab प्रतलात आडवा झाला. ०.२५ चं शिखर a सोडून c कडे गेलं. ३.३१ चं a वरच राहिलं, जराही हललं नाही. डिस्प्रोसियम मँगनाइटच्या प्रयोगांत चुंबकीय क्षेत्रानं प्रतल वळवलं तरी शोषण a वरच राहतं, आणि २००९ मध्ये वाल्देस आगिलार व सहकाऱ्यांनी मुख्य इलेक्ट्रोमॅग्नॉनचं श्रेय विनिमयाला दिलं ते का, हे माझ्या पडद्यावर दिसलं. रात्री दीड वाजता तो आलेख मी कितीदा तरी पुन्हा काढून पाहिला.

खऱ्या टर्बियम मँगनाइटमध्ये ६० सेमी⁻¹ (हे वारंवारतेचं एकक) जवळच्या शिखराशिवाय, त्याहून कमी वारंवारतेला, २० सेमी⁻¹ पाशी आणखी एक आहे. समान पायऱ्यांच्या सर्पिलात विनिमयाला एकच लहर सापडते, म्हणून आता प्रतलातही थोडी दिशेनुसार पसंती, म्हणजे अ‍ॅनायसोट्रॉपी घालून पायऱ्या असमान करतोय.