मिश्र ट्रॅफिक सिम्युलेटर, नोंद ४: राखीव स्लॉट आणि आडवाट

व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल एकाच नेटवर्कवर मिसळले की किती कॉल नाकारले जातात, हे हा सिम्युलेटर मोजतो. एका ई-१ लिंकचं (टेलिफोन एक्सचेंजांना जोडणारी डिजिटल लाइन) गणित जुळलं. ६४ केबीपीएसच्या ३२ टाइमस्लॉटपैकी एक सिंक्रोनायझेशनला आणि एक सिग्नलिंगला जातो, कॉलसाठी उरतात ३०. व्हॉइसला १ स्लॉट, ३८४ केबीपीएसच्या व्हिडिओला ६. लोड: व्हॉइस १० एर्लांग, व्हिडिओ १ एर्लांग (१ एर्लांग म्हणजे सरासरी एक कॉल सतत चालू राहील इतकी मागणी). सरासरी मागणी १६ स्लॉटची, लिंक जेमतेम निम्मी. तरी व्हॉइसचं ब्लॉकिंग, म्हणजे जागेअभावी नाकारलेल्या कॉलचं प्रमाण, ०.८४ टक्के आणि व्हिडिओचं ८.५! व्हॉइसला कुठलीही एक फट चालते. व्हिडिओला सहा स्लॉट एकाच क्षणी रिकामे लागतात.

हे कॉफमन-रॉबर्ट्सच्या (१९८१) सूत्रातून येतं. क्यू(न) म्हणजे न स्लॉट भरलेले असण्याचं सापेक्ष वजन. क्यू(०) = १ धरायचं, मग न × क्यू(न) = १० × क्यू(न−१) + ६ × क्यू(न−६). तीसपर्यंत काढून एकूण बेरजेने भागायचं. शेवटचं एक पद व्हॉइसचं ब्लॉकिंग, शेवटच्या सहांची बेरीज व्हिडिओचं. एसटीएम-१ (६३ ई-१ सामावणारी मोठी लिंक) च्या १,८९० स्लॉटवर, व्हॉइस १,००० आणि व्हिडिओ १०० एर्लांग घेतलं की क्यू डबल प्रिसिजनच्या (कॉम्प्युटरमधल्या नेहमीच्या ६४ बिटच्या संख्येच्या) मर्यादेबाहेर उडतो. तो फार मोठा झाला की आतापर्यंतची सगळी पदं एकाच मोठ्या संख्येने भागत जायची. सुरुवातीची पदं शून्य होतात, होऊ द्या.

आता व्हिडिओसाठी राखीव स्लॉट. एसटीतल्या राखीव सीटसारखा हा प्रकार नाही: जागा ठरलेली नसते, फक्त आकडा राखायचा. व्हॉइस घेतल्यावर किमान २ स्लॉट रिकामे उरले पाहिजेत असा नियम लावला, की व्हॉइस २.४ आणि व्हिडिओ ७.८ टक्के. ५ राखले की दोन्ही ५.९ वर येतात. वाहून नेलेला लोड मात्र १५.४ स्लॉटवरून १५.१ वर उतरतो, म्हणजे ही समानता फुकट मिळत नाही. हे राखीवचे आकडे अंदाजी आहेत, कारण राखीव पट्ट्यात आधीचे व्हॉइस कॉल चालूच असतात आणि सूत्र ते शून्य धरतं. दोन्ही ब्लॉकिंग समान येणं मात्र नेमकं खरं, कारण दोघांनाही नकार त्याच अवस्थांत मिळतो.

राउटिंगसाठी ५ नोड (एक्सचेंज), १० लिंक, प्रत्येक जोडीला ३ आडवाटा, म्हणजे एका मधल्या नोडमार्गे दोन लिंकच्या वाटा. पद्धत ब्रिटिश टेलिकॉमच्या डायनॅमिक ऑल्टरनेटिव्ह राउटिंगची: आधी थेट लिंक, ती भरली तर सध्याचा ठरलेला मधला नोड. तिथेही जागा नसेल तर कॉल गेला, आणि पुढच्या कॉलसाठी मधला नोड चिठ्ठी टाकल्यासारखा नव्याने निवडायचा. त्याच कॉलसाठी तिन्ही वाटा चाचपायच्या नाहीत. चांगली वाट सापडली की तीच धरून ठेवायची, यातच पद्धतीची गंमत आहे.

आडवाटेचा कॉल दोन लिंकवर जागा खातो. राखीव नसेल तर जास्त लोडवर तो थेट कॉलना हुसकावतो, ते मग आडवाटेला लागतात, आणि चक्र सुरू होतं. म्हणून आडवाटेच्या दोन्ही लिंकवर कॉल घेतल्यानंतरही राखीव आकडा शिल्लक हवा. ३ पासून सुरुवात करावी.

कोडमधली हमखास चूक: पहिल्या लिंकवर स्लॉट धरला, दुसरीवर नकार आला, पहिला सोडायचा राहिला. ब्लॉकिंग हळूहळू चढत जातं आणि दोष लोडवर ढकलला जातो. आधी दोन्ही तपासा, मगच धरा. नवे कॉल थांबवून चालू कॉल संपू दिल्यावर प्रत्येक लिंकवर ३० स्लॉट मोकळे दिसलेच पाहिजेत.

पुढची चाचणी: तोच लोड, एकदा रिकाम्या नेटवर्कपासून आणि एकदा आडवाटांनी तुडुंब भरलेल्यापासून. राखीव शून्य असताना दोन्ही धावा वेगळ्या ब्लॉकिंगवर बराच काळ अडकून राहिल्या तर चक्र पकडलं. क्षमता मोठी घ्यावी, ३० स्लॉटवर हे पुसट दिसतं.