४६३ हप्ते

मी नाशिकला बँकेत होम लोनच्या टेबलावर बसते. आमची शाखा अंबड एमआयडीसीपासून जवळ, त्यामुळे कस्टमर जास्त करून कंपनीतले, शिफ्टच्या आधी नाहीतर शिफ्ट सुटल्यावर येणारे. एप्रिल २०२३ मध्ये असंच एक जोडपं आलं, तो कंपनीत सीएनसी मशीनवर आणि ती घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. त्यानं स्टेटमेंट समोर ठेवलं आणि एका आकड्यावर बोट ठेवून विचारलं, मॅडम हे ४६३ काय आहे?

मला आधी वाटलं प्रिंटची चूक असेल, कारण शिल्लक हप्ते २१३ असायला हवे होते. जानेवारी २०२१ ला ३० लाख घेतलेले, २० वर्षांसाठी, ६.८० टक्क्यांनी, हप्ता २२,९००. सत्तावीस हप्ते भरून झाले होते आणि एकही बाउन्स नाही. मग मी आमच्या सिस्टीममध्ये बघितलं तर तिथंही ४६३ च. म्हणजे अडतीस वर्षं सात महिने. तो एकोणचाळीसचा होता.

झालं असं की मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून ६.५० ला नेला आणि ह्यांचं लोन रेपोला जोडलेलं, त्यामुळे ह्यांचा रेट गेला ९.३० वर. हप्ता तोच ठेवला की मुदत वाढते, आणि सिस्टीमनं ती वाढवत नेली, ह्यांना मात्र एक एसएमएस गेला असेल नसेल. (नंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं बजावलं की रेट बदलला तर कर्जदाराला नीट कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत ते त्याला ठरवू द्या, पार्ट पेमेंटची, म्हणजे मधेच मुद्दलात जास्तीचे पैसे भरायची, सोय द्या. ह्यांच्या वेळी तसं काही झालेलं नव्हतं.) सत्तावीस हप्त्यांत त्यांनी भरले ६,१८,३०० आणि कर्ज ३० लाखावरून आलं होतं २८ लाख ७२ हजारावर. पुढच्या हप्त्याच्या २२,९०० पैकी २२,२५८ व्याज आणि मुद्दल फक्त ६४२.

ती बराच वेळ गप्प होती आणि मग त्याला म्हणाली, अहो, आपला पोरगा तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा असेल.

माझ्याकडे द्यायला उपाय एकच होता, हप्ता वाढवा. साठाव्या वर्षाच्या आत संपवायचं तर सव्वीस हजाराच्या आसपास जात होता. तो नाही म्हणाला, आणि मला ते पटलं, कारण वाढवलेला हप्ता दर महिन्याला जाणारच, ओव्हरटाइम असो नसो, हिचं शिलाईचं काम लग्नसराईत जोरात आणि पितृपक्षात शून्य, आणि एकदा बाउन्स झाला की दंड लागतो, सिबिल जातं. त्यापेक्षा हप्ता आहे तोच राहू दे आणि वर जमेल तेवढं टाका, फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या रेटच्या होम लोनला पार्ट पेमेंटचा चार्ज २०१२ पासूनच लागत नाही. मी कॅल्क्युलेटरमध्ये सहज म्हणून महिन्याला ५०० टाकून बघितले. ४६३ चे झाले ३९२. जवळजवळ सहा वर्षं गेली, पाचशे रुपयांत! मग २,००० टाकले तर २९१. मी बारा वर्षं हे काम करते आणि तरी माझाच विश्वास बसेना, दोनदा टाइप करून बघितलं.

त्यांनी दोन हजार ठरवले. पैसे मुद्दलातच जातात ना बघत जा एवढं मी सांगितलं आणि बरं झालं सांगितलं, कारण जुलैमध्ये आमच्याच शाखेत कोणीतरी ते अॅडव्हान्स हप्ता म्हणून टाकले आणि चूक तिनं पकडली, आम्ही नाही. तोंड वर करून सॉरी म्हणायची पण लाज वाटली.

तर मला सांगायचा आहे तो दिवस त्यानंतरचा, फेब्रुवारी २०२४ मधला. सेकंड शिफ्टचा आठवडा होता म्हणून ते सकाळीच आले, ती पर्स मांडीवर घेऊन बसली आणि तो बसलाच नाही. म्हणाला मॅडम बंद करतो ते दोन हजार. दहा महिने झाले, हप्ते धरून दोन लाख एकोणपन्नास हजार भरले आणि आकडा बघा, २८ लाख ४४ हजार. आधी २८ होते आताही २८ च आहेत. त्यापेक्षा गाडीचे टायर बदलले असते.

आता ह्यावर काय बोलणार. माझं स्वतःचं लोन आहे, मागच्या वर्षीचा बोनस मुद्दलात टाकायचा ठरवला होता आणि त्याचा फ्रिज आला, कारण मी पण तोच वरचा आकडा बघते आणि मलाही वाटतं ह्यानं काय फरक पडणार. लोक कंटाळतात ते रक्कम लहान आहे म्हणून नाही असं मला हल्ली वाटायला लागलंय. आम्ही स्टेटमेंटवर जो आकडा ठळक छापतो तोच असा आहे की सुरुवातीची वर्षं तो हलतच नाही, डोंगराकडे बघत चालल्यासारखं.

म्हटलं थांबा एक मिनिट. मी आउटस्टँडिंगवर, म्हणजे शिल्लक कर्जाच्या त्या आकड्यावर, पेपरवेट ठेवला आणि वेगळंच काढून बघितलं, आजपासून एक रुपया पण जास्तीचा टाकला नाही, नुसता २२,९०० चा हप्ता चालू ठेवला, तर किती हप्ते राहतात? आले ४२६. आणि ते वीस हजार कधी टाकलेच नसते तर आज ४५३ राहिले असते. पेन्सिलनं खाली वजाबाकी केली. २७.

सत्तावीस हप्ते शेवटाकडून गेले होते. मी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला, २७ गुणिले २२,९००, आणि मला आठवलं की हा आकडा मी आधी बघितलाय. ६,१८,३००. घर घेतल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत जेवढं भरलं होतं तेवढंच, रुपयाचा फरक नाही. अर्थात ते २०६० च्या आसपासचे रुपये आहेत, आजच्या रुपयाशी त्यांची बरोबरी नाही, आणि मधे रेट खालीवर होणार तसं हे गणितही हलणार, ते मी त्यांना सांगितलं, खोटं कशाला सांगा. पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो खुर्ची ओढून बसला.

ती मात्र पर्समधून मोबाइल काढून काहीतरी हिशोब करत होती. मग म्हणाली, म्हणजे मॅडम एक हप्ता आम्हाला ७४१ ला पडला.

मला कळलंच नाही. म्हणाली वीस हजार भागिले सत्तावीस, आठशेच्या आत बावीस हजाराचा हप्ता मिळाला की! मी हसले, पण हे तिच्या पद्धतीनं बरोबरच होतं, आम्हाला बँकेत हे असं कोणी शिकवत नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की नेमका भाव तर स्टेटमेंटमध्येच छापलेला असतो. पुढच्या हप्त्यात जेवढं मुद्दल असतं तेवढे पैसे आज जास्तीचे टाकले की शेवटचा एक हप्ता गळतो, बास. गेल्या एप्रिलमध्ये तो भाव ६४२ होता.

म्हटलं ताई, आता महाग झालाय. आता एक हप्ता ८५४ ला आहे.

ती म्हणाली, अगं बाई, वाढला? आणि पुढे?

म्हटलं वाढतच जाणार, दर महिन्याला थोडा थोडा.

ती नवऱ्याकडे वळली, अहो, टायर पुढच्या महिन्यात. त्यानं मान हलवली का नाही ते मी बघितलं नाही कारण ती पर्समधून नोटा काढत होती, फॉल-पिकोच्या, शंभराच्या आणि पन्नासाच्या, घडी पडलेल्या. दोन हजार तर नेहमीचे होतेच, ते वेगळे ठेवले. वर आणखी नऊशे मोजले आणि विचारलं, सेहेचाळीस परत मिळतील का?

म्हटलं कॅशला स्लिप भरा, ८५४ चीच भरा.