आमची वाटचाल : आधी जोतं, मग शेड

आमचं मूळ काम लोखंडी गेट, ग्रील आणि पत्र्याच्या छपरांचं. बागेत अवजारं ठेवायला जी छोटी तयार शेड किटमध्ये मिळते, तिच्याशी आमचा संबंध आला दुरुस्तीच्या निमित्ताने. लोक किट आणायचे, घरच्या घरी जोडायचे आणि एखादा पावसाळा गेला की आम्हाला बोलवायचे. दार लागत नाही, सरकतं दार मधेच अडतं, कोपऱ्यात फट पडलीय. दार तपासायला गेलो की दारात दोष क्वचितच सापडायचा. दोष जमिनीत असायचा.

किटमधला पत्रा पातळ असतो. सगळे भाग एकमेकांना धरून ठेवतात म्हणून शेडला बळ येतं. खालची चौकट एका कोपऱ्यात जराशी खचली की वरपर्यंत सगळं पिळलं जातं, आणि पिळलेल्या चौकटीत कोणतंही दार नीट बसत नाही. हे लक्षात आल्यावर आम्ही नियम केला, जोतं बघितल्याशिवाय किटला हात लावायचा नाही. काही कामं त्यामुळे गेली. "नुसती जोडून द्या, खालचं आम्ही बघतो" म्हणणाऱ्यांना आजही आम्ही नाही म्हणतो.

जोत्याचं काम दिसत नाही, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. वरची काळी माती, गवत आणि मुळं आधी काढावी लागतात, कारण ती कुजतात आणि जागा बसते. मग खडी, एकदम न टाकता थराथराने, प्रत्येक थर ठोकून. त्यावर फरशी किंवा काँक्रीट, आणि काँक्रीट असेल तर खाली जाड प्लास्टिक. ते नसेल तर जमिनीतली ओल वर चढते. आखणी करताना गवंडी वापरतात तीच रीत, एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४ फूट, तिरकं माप बरोबर ५ फूट आलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे असल्याशिवाय आमचा माणूस पेटीही उघडत नाही. आणखी एक गोष्ट, काँक्रीट शेडच्या बाहेर सपाट पसरलेलं नको. भिंतीवरून ओघळलेलं पाणी त्यावर साचतं आणि खालच्या चॅनलमधून, म्हणजे चौकटीच्या तळपट्टीतून, आत येतं. कडा चौकटीबरोबर संपवा किंवा बाहेरच्या भागाला उतार द्या.

जोडणी त्यामानाने सरळ आहे, फक्त घाई नको. आधी पेटीतले सगळे भाग यादीशी ताडून घ्यायचे. नट-बोल्ट सुरुवातीला हातानेच बसवायचे, चौकट गुण्यात आली की मग आवळायचे. छताच्या स्क्रूखालचं रबरी वायसर चेपून बाहेर येईल इतकं आवळलं तर तिथूनच गळती सुरू होते. ड्रिलचा लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढावा, तो गंजतो आणि पत्र्यावर डाग पाडतो. वारा असेल त्या दिवशी आम्ही काम घेत नाही. अर्धवट उभी शेड शिडासारखी वारा धरते. पूर्ण झालेली रिकामी शेडही हलकीच असते, म्हणून ती अँकर बोल्टने जोत्याला जखडायलाच हवी.

छत गळतंय म्हणून येणाऱ्या तक्रारींत एक वेगळाच प्रकार असतो. पाऊस नसताना सकाळी आत थेंब दिसतात. रात्री पत्रा गार पडतो आणि आतल्या दमट हवेचं पाणी त्यावर जमतं. सिलिकॉन फासून ते थांबत नाही. समोरासमोरच्या भिंतींत वर हवेला वाट करून दिली आणि जमिनीची ओल अडवली की ते पुष्कळ कमी होतं.

पुढे एक चांगला सुतार आमच्याबरोबर आला आणि लाकडी किटची कामंही सुरू झाली. त्याच्याकडून आम्ही बरंच शिकलो. फळी ओलीने रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून भिंतीच्या फळ्या एकमेकींत अगदी ठासून बसवायच्या नाहीत. फळीचं कापलेलं टोक सर्वात जास्त पाणी पितं, रंगाचा पहिला हात तिथे. तांबेयुक्त औषध लावलेल्या लाकडात साधे खिळे लवकर गंजतात, तिथे स्टेनलेस किंवा हॉट-डिप गॅल्वनाइझ केलेलेच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलेच, घालायचे.

आता आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांना शेड स्वतःच जोडायची हौस असते, आणि आम्हाला ते मनापासून आवडतं. जोतं आम्ही करतो, खालची चौकट एकत्र बसवतो, पुढचं घरातली दोन माणसं करतात. अडलं तर आम्ही जातो. किट घेण्याआधीच विचारायला या, एवढीच विनंती. जागा झाडाच्या अगदी बुंध्याशी नाही ना, पावसाचं पाणी तिकडे वाहत नाही ना, आणि कुंपण व भिंत यांच्यामध्ये माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन शिरू शकेल का, हे आधी बघता येतं.