बाजरी डोक्याएवढी, कणगी रिकामी: नियामे ते मारादी

नायजरमधली भूक बघायची तर ऑगस्टमध्ये जावं. आम्ही राजधानी नियामेहून डोस्सो, कोन्नीमार्गे मारादीकडे निघालो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरी डोक्याएवढी झाली होती. गावांतल्या कणग्या मात्र रिकाम्या होत्या. नवं पीक सप्टेंबरअखेर हाती येतं, जुनं जूनच्या आसपासच संपतं.

सगळं खापर पावसावर फोडणं सोपं आहे. पण नियामेत वर्षाला साधारण 500 ते 550 मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या अहिल्यानगरच्या बऱ्याच भागात पडतो जवळपास तेवढाच. फरक जमिनीत आहे. तिथली जमीन रेताड, स्फुरद नावापुरतं, ओल टिकत नाही. सुरुवातीच्या पावसांच्या तोंडावर वाळूचं वादळ येतं आणि कोवळी रोपं गाडली जातात. मग दुबार पेरणी, कधी तिबार. प्रत्येक वेळी बियाणं जातं ते खायच्या धान्यातून. त्यातून वाचलेल्या बाजरीच्या मुळांवर टारफुला हे परोपजीवी तण बसतं.

जमिनीच्या कसावर खताचा तोडगा साधा आहे. सुमारे एक मीटर अंतरावर टोकण करायची, म्हणजे हेक्टरी दहा हजार खड्डे. प्रत्येक खड्ड्यात बियाण्याबरोबर तीन बोटांची चिमूट, सुमारे 6 ग्रॅम 15-15-15 (नत्र, स्फुरद, पालाश) मिश्रखत. हेक्टरी 60 किलो, म्हणजे पन्नासाच्या गोणीहून थोडं जास्त. अडतं ते रोख पैशाशी: गोणी जूनमध्ये घ्यायची आणि नेमकं तेव्हाच घरात धान्य विकत आणणं सुरू झालेलं असतं.

खरा घोळ बाजारात आहे. धान्य ‘टिया’ या मापाने विकतात, एका मापात साधारण अडीच किलो बाजरी. कापणी होताच उसनवारी फेडायला, लग्नकार्याला शेतकरी स्वस्तात विकतो. जुलैत तेच धान्य चढ्या भावाने परत घेतो. पैशासाठी बकरी विकायला काढावी तर सगळेच काढतात, तिचा भाव पडतो. 2004 मध्ये टोळधाड आणि अवर्षणाने पीक घटलं, पण घट काही प्रलयंकारी नव्हती. तरी 2005 मध्ये मुलं कुपोषणाने दगावली, कारण शेजारच्या नायजेरियातल्या मागणीने बाजरी गरिबाच्या आवाक्याबाहेर गेली. जुलै 2023 च्या लष्करी उठावानंतर काही शेजाऱ्यांनी सीमा बंद केल्या, तेव्हा आयात तांदूळ महागला.

या फेऱ्याला ‘वारांताज’ने थोडा आळा बसतो. शेतकरी गटाच्या गोदामात धान्य ठेवायचं, दाराला दोन कुलुपं: एक किल्ली गटाकडे, दुसरी कर्ज देणाऱ्याकडे. तारणावर रोख मिळते, भाव चढला की धान्य सोडवून विकायचं. भाव चढलाच नाही तर व्याज अंगावर. चवळी ठेवली तर भुंगा वेगळाच. तिला तिहेरी पिशवी लागते: आत प्लॅस्टिकच्या दोन, बाहेर विणलेली. दाणा पूर्ण वाळवून, दाबून हवा काढून प्रत्येक थराचं तोंड वेगळं बांधायचं. आतल्या पिशव्यांना भोक पडलं की हवा शिरते आणि भुंगा पुन्हा जगतो.

मारादीच्या शिवारात शेतातच राखलेली ‘गाओ’ नावाची झाडं दिसतात. पावसाळ्यात पानं गाळतात, त्यामुळे पिकावर सावली नाही; शेंगा पुढे उन्हाळ्यात बकऱ्यांना. ही झाडं लावलेली नाहीत. जुन्या खुंटांना फुटलेल्या धुमाऱ्यांतले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे छाटत राहायचं, एवढंच.