एक रुग्ण, तीन ओळी

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मिरजेतल्या एका डायलिसिस युनिटची माहिती मिळाली. डॉक्टरांचा प्रश्न सरळ होता: मानेतल्या कॅथेटरवर (शिरेत घातलेल्या नळीवर) डायलिसिस घेणारे आणि हातातल्या फिस्टुलावर (ऑपरेशनने धमनीला शीर जोडून केलेल्या, सुई टोचायच्या जागेवर) घेणारे, यांच्या मृत्यूच्या जोखमीत फरक किती? एक्सेलमध्ये प्रत्येक नावापुढे एकच शिक्का होता, 'कॅथेटर' किंवा 'फिस्टुला'. तो चालणार नव्हता. बरेच जण सुरुवात कॅथेटरवर करतात आणि फिस्टुला होईपर्यंत जगतात, तेव्हाच त्यांना 'फिस्टुला' हा शिक्का मिळतो. म्हणजे कॅथेटरवर काढलेले दिवसही फिस्टुलाच्या खात्यात फुकट जमा!

म्हणून १९७२ च्या कॉक्स मॉडेलला, म्हणजे कशामुळे मृत्यूची जोखीम किती बदलते ते काढणाऱ्या सांख्यिकी पद्धतीला, मी एका रुग्णाच्या अनेक ओळी दिल्या. समजा, ० ते ७० दिवस कॅथेटर, ७० ते ४०० फिस्टुला, तो बंद पडल्यावर ४०० ते ४३० पुन्हा कॅथेटर आणि ४३०व्या दिवशी मृत्यू. मृत्यू झाल्याची खूण, म्हणजे १, फक्त शेवटच्या ओळीत. आर (R) या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधलं टीमर्ज (tmerge) हे फंक्शन असे तुकडे नीट पाडतं. परीक्षकांनी विचारलंच, एकच माणूस तीनदा मोजला का? नाही. ज्या दिवशी कुणी दगावतं, त्या दिवशी प्रत्येकाची चालू असलेली एकच ओळ तुलनेत धरली जाते.

वेळ खाल्ला तो तारखांनी. ऑपरेशननंतर फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे जातात, तोवर रुग्ण कॅथेटरवरच असतो. तिथल्या टेक्निशियन मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशनची तारीख घेऊन काय करतोस? सुई कधी टोचली ते बघ की." मग रोजची रजिस्टरं चाळणं आलं.

ग्राफ्टवाले (शीर आणि धमनी कृत्रिम नळीने जोडलेले) मोजकेच, त्यांच्यात मृत्यू एकही नाही. त्यामुळे त्यांच्या जोखमीतला फरक सांगणारा मॉडेलमधला आकडा, म्हणजे गुणांक, उणे अनंताकडे पळत सुटला. डॉक्टरांना विचारून ग्राफ्ट फिस्टुलात मिळवला.

सगळ्यात अवघड ते वरच्या उदाहरणातल्यासारखे, पुन्हा कॅथेटरवर आल्यानंतरचे शेवटचे ३० दिवस. बीपी फार उतरलं की फिस्टुला गोठून बंद पडू शकतो. म्हणजे माणूस खचत चाललाय म्हणून कॅथेटरवर येतो आणि दोष कॅथेटरला लागतो. प्रत्येक बदल ३० दिवस उशिरा धरून मॉडेल पुन्हा चालवलं. फरक कमी झाला, गेला नाही. दोन्ही उत्तरं अहवालात ठेवली.

डॉक्टरांना 'फिस्टुलावाल्यांचा' जगण्याचा आलेखही हवा होता. तो मी दिला नाही. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत फिस्टुलावरच राहणार हे आधीच ठरलेल्या माणसाचा तो आलेख झाला असता, आणि असं आधी कुणाचंच ठरलेलं नव्हतं.