तुम्ही विचारलंत म्हणून: डोक्याला करंट आणि नाकाची अ‍ॅलर्जी

"तकलेक करंट लायल्यार शिंको रावतात गे बाय?" म्हणजे, डोक्याला करंट लावला की शिंका थांबतात का गं बाई?

गोव्यात फोंड्याला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. करंटचा धंदा म्हटल्यावर हा प्रश्न माझ्याकडेच येणार. गुडघ्याला आयएफटी (दुखण्यावरचा करंट) लावून पडलेले आजोबा छताकडे बघत विचारतात, त्यांना घेऊन आलेली सून विचारते. चवथीआधी माळ्यावरची भांडी खाली उतरू लागली आणि घरादाराची नाकं गळू लागली की फोनवरूनही विचारणा होते. सोबत मोबाइलवरची जाहिरात असतेच: कानाच्या पाळ्यांना दोन चिमटे, हातात मावेल एवढं यंत्र, आणि खाली निद्रानाशापासून अ‍ॅलर्जीपर्यंत बऱ्या होणाऱ्या आजारांची लांबलचक यादी. यादी जितकी लांब तितका माझा विश्वास कमी, हे आधीच सांगून टाकते.

उत्तर असं: झोप आणि बेचैनी यांसाठी काहींना थोडाफार उपयोग होतो. अ‍ॅलर्जीसाठी मी स्वतःचे पैसे घालणार नाही.

हा 'शॉक' आहे का, असंही लोक दबकत विचारतात. नाही. मानसोपचारात भूल देऊन जो शॉक देतात, त्यात काही सेकंद 800 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह सोडतात. या यंत्रांत तो बहुधा एक मिलिअँपिअरच्याही खाली असतो, फार तर चार. तुमच्या कमरेला मी लावते तो याहून कितीतरी जास्त. एका पेशंटचा मुलगा बोटीवर असतो, त्याने असलं एक यंत्र आणलं होतं, तेव्हा मी ते लावून पाहिलं. चिमट्यांच्या गाद्या ओल्या करायच्या, पाळ्यांना लावायच्या आणि प्रवाह हळूहळू वाढवत न्यायचा. आधी पाळीला बारीक मुंग्या येतात. आणखी वाढवला की झोपाळ्यावरून नुकतं उतरल्यासारखी हलकी भोवळ येते, कारण तोल सांभाळणारा अवयव कानातच आहे. तिथून थोडं मागे यायचं आणि वीसेक मिनिटं स्वस्थ पडायचं. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? फोन बाजूला ठेवून वीस मिनिटं नुसतं पडलं तरी मला बरंच वाटतं.

ही कल्पना नवी नाही. सोव्हिएत रशियात 1950च्या सुमारास 'इलेक्ट्रोस्लीप' म्हणून ती रुजली, मग अमेरिकेत गेली. तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर 2019मध्ये चिंता आणि निद्रानाश यांच्यासाठीची ही यंत्रं कमी जोखमीच्या वर्गात आणली. नैराश्यासाठीची मात्र कडक वर्गातच ठेवली. अ‍ॅलर्जीचं त्यात नाव नाही. आणि डोक्याला लावलेला प्रवाह सगळा मेंदूत जातो असंही समजू नका. 2018मध्ये मृतदेहांवर केलेली मोजमापं प्रसिद्ध झाली, त्यांत सुमारे तीन चतुर्थांश प्रवाह त्वचा आणि कवटीतच अडकलेला दिसला.

आता आपल्या गोव्याच्या नाकाकडे या. जून ते सप्टेंबर भिंती ओल्या, कपाटात बुरशी, कापसाची गादी दमट. या दमटपणावर धुळीतला माइट नावाचा डोळ्यांना न दिसणारा जीव पोसतो. तो पाणी पीत नाही, हवेतलाच ओलावा अंगात ओढून घेतो. त्याची विष्ठा नाकात गेली की ज्यांच्या अंगात तिच्याविरुद्धची आयजीई नावाची, अ‍ॅलर्जी घडवणारी प्रतिपिंडं तयार आहेत, त्यांच्या नाकाच्या अस्तरातल्या मास्ट नावाच्या पेशी फुटून हिस्टामिन हे रसायन सोडतात. खाज, पाणी, शिंका. हे सगळं घडतं नाकात. कानाच्या पाळीवरचा चिमटा ती प्रतिपिंडं पुसून टाकतो, असं कुणी दाखवलेलं माझ्या वाचनात नाही.

मनाचा संबंधच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. 1886मध्ये बाल्टिमोरच्या जॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी गुलाबाने शिंका येणाऱ्या एका बाईंसमोर कृत्रिम गुलाब धरला, तरी तिचं नाक वाहू लागलं. मग झोप सुधारल्यावर, जीव शांत झाल्यावर शिंकांचा त्रास कमी वाटला, तर त्यात नवल काय? शिवाय यंत्र घेतलं ऑगस्टमध्ये आणि बरं वाटलं नोव्हेंबरमध्ये, तर श्रेय यंत्राचं की उघडलेल्या उन्हाचं?

हे तपासणं अवघडही नाही, माझा खरा राग तिथेच आहे. माझ्या मशीनचं ढोंग करता येत नाही, बंद असेल तर पेशंट लगेच म्हणतो, "बाय, मुंग्या येत नाहीत." या यंत्रात प्रवाह जाणवणार नाही इतका कमी ठेवता येतो. म्हणजे अर्ध्या लोकांना चालू यंत्र, अर्ध्यांना बंद, कुणाला कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही, अशी चाचणी सहज होते. ती न करता यादीत 'अ‍ॅलर्जी' लिहिणाऱ्यांचं काय ऐकायचं?

याहून मोठी गंमत सांगते. डोक्याला करंट लावायला तयार असलेली हीच माणसं डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे घेत नाहीत, का तर म्हणे "त्यात स्टिरॉइड आहे." अहो, फ्लुटिकासोन या स्टिरॉइडच्या नेहमीच्या स्प्रेचा मोठ्या माणसाचा दिवसाचा डोस 200 मायक्रोग्रॅम, आणि त्यातला दोन टक्क्यांहूनही कमी रक्तात पोहोचतो. घेतात तेही मान मागे टाकून, नाकाच्या मधल्या पडद्यावर मारतात, मग घशात कडू लागतं नि नाकातून रक्त येतं. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, टोक त्याच बाजूच्या कानाकडे, आणि जोरात ओढायचं नाही. रोज मारायचा, कारण पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. एवढ्यावर भागलं नाही तर त्वचेची चाचणी करून इम्युनोथेरपी आहे, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी तेच थोडंथोडं देऊन शरीराला त्याची सवय लावायची. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी 1911मध्ये तिची सुरुवात केली. रोगप्रतिकारशक्तीच्या सवयीलाच हात घालणारी ती एकच, पण तीन-तीन वर्षं चिकाटी लागते.

यंत्र घेऊन झालंच असेल तर फेकू नका, रात्री झोपेसाठी वापरून बघा. पेसमेकर असेल, फिट येत असतील किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. लावल्यावर लगेच स्कूटर काढू नका. आणि दमा असलेल्यांनी यंत्राच्या भरवशावर पंप बंद करू नये. त्या बाबतीत माझ्याशी वाद घालायला आलात, तर आधी मी पंप कुठे आहे ते विचारीन.